गरम नळाला थंड पाणी

दिवाळीनंतर सासूबाई डाळजहून आमच्याकडे जळोचीला राहायला आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना बसून अंघोळ करता यावी म्हणून खालच्या बाथरूममध्ये हँडशॉवर बसवून घेतला होता. त्या आल्या आणि थोड्याच दिवसांत गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी बिघडलं. स्वयंपाकघरात काय किंवा वरच्या बाथरूममध्ये काय, गरम नळ सोडला की कोमट, कधीकधी तर थंडच पाणी.

पहिला संशय काजळीवर आला. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुरानं आमच्याकडे गच्च्या काळ्या होतात. ह्यांनी सोलरच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या, एखादी तडकली आहे का तेही बघितलं. फरक पडला नाही. मग टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"अगं, वर तर पाणी कडकडीत हाय. खाली येईस्तोवर कुठं जातंय?"

सोलरवाल्याला यायला सवड नव्हती. त्यानं फोनवर सांगितलं, "वरचा गरम पाण्याचा व्हॉल्व बंद करा आणि खाली गरम नळ सोडा. पाणी थांबायला पाहिजे. न्हाय थांबलं, तर कुठनंतरी गार पाणी गरमच्या लाइनीत शिरतंय."

ह्यांनी वर व्हॉल्व बंद केला, मी स्वयंपाकघरातला गरम नळ सोडला. धार तश्शीच चालू.

मग मी एकेक नळ बघत खालच्या बाथरूममध्ये गेले. भिंतीवरच्या मिक्सरच्या गरम-गार दोन्ही चाव्या पूर्ण उघड्या होत्या. थेंबही गळत नव्हता, कारण पाणी हँडशॉवरच्या बटनानं अडवलं होतं. दोन्ही पाणी मागच्या मागं एक होत होतं. मी चाव्या बंद केल्या. स्वयंपाकघरातली धार बारीक होत थांबली.

आत्या दारातल्या ओट्यावर बसल्या होत्या. म्हटलं, "आत्या, मिक्सरच्या चाव्या उघड्या राहिल्या होत्या."

"राहिल्या न्हाईत, मीच ठिवते. बटन दाबलं की भागतंय."

"पण का?"

त्यांनी हात पुढं केले. बोटांची पेरं सुजली होती. "सकाळच्याला बोटं वळत न्हाईत. दुपारी एकदा उघडल्या, त्या तशाच ऱ्हाऊ दिल्या."

आल्यापासून त्या भाकरी थापायला बसल्या नव्हत्या. 'तुझ्या हातची बरी लागती' म्हणायच्या. मी ते कौतुक समजत होते.

"सांगायचं तरी, आत्या."

"सांगितलं की दवाखान्यात न्याल."

नेलंच. बारामतीच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या, सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसायला सांगितलं. प्लंबरकडून तो मिक्सर काढून एका दांडीचा बसवला. आत्यांनी मनगटानं दांडी ढकलून बघितली, परत खाली पाडली.

"हे बरं हाय," त्या म्हणाल्या. मग प्लंबरलाच विचारलं, "स्वयंपाकघरात असलाच बसंल का?"