चालू डीबगरपाशी बसलेला माणूस

आमच्या चादरीच्या कारखान्यातला संगणक अडला आणि माग बंद पडले, तेव्हा माढ्याकडचा एक माणूस दुरुस्तीला आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं डीबगर, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावायचं साधन, लावून प्रोग्राम अडलेल्या जागीच थांबवून धरला. मग डिस्कवर जागा किती उरलीय, हेही तो डीबगरमधूनच आज्ञा देऊन संगणकाला विचारू लागला.

मालक तापले होते. मी वैतागून म्हटलं, "हे बंद करून बघा की. सोपं जाईल."

"न्हाय. बंद केलं की हितलं सगळं जातंय. आतनंच बाहेरचं बगायचं."

चहालाही तो उठला नाही. मी पेला त्याच्यापुढं ठेवला, तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "आई आयसीयूत व्हती. डबा आणाय खाली गेलो, लई तर धा मिनटं. वर आलो तर संपलं व्हतं. येतो म्हणून सांगायचंबी राहिलं."

मी पेला त्याच्या हाताशी सरकवला.

डिस्क भरली होती. त्यानं जागा मोकळी केली, प्रोग्राम चालू लागला, बाहेर माग खडखडले. आता डीबगर बंद करायचा होता. त्याचं बोट बटणावर तसंच थांबलं.

मग पडद्याकडं बघत तो हळूच म्हणाला, "येतो."