आप्पांनी सहलीहून आणलेला जाम

आमच्या गावात एकाच घराकडे वर्षानुवर्षं असलेली सरपंचकी गेली, त्याला सगळे क्रांतीच म्हणायचे. पप्पा शिरूरच्या कोर्टात वकिली करायचे, कुणाशी वैर नव्हतं. म्हणून नव्या मेंबरांनी त्यांनाच सरपंच केलं. शेजारचे आप्पाही मेंबर. त्यांनी पप्पांना खांद्यावर घेतलं. मी पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते, खिडकीतून बघत होते. आप्पांच्या तोंडाचा दारूचा वास तिथपर्यंत येत होता.

पप्पांनी पहिलं काम घेतलं ते बौद्धवस्तीच्या नळाचं. पाईप येऊन पडले आणि क्रांती आंबायला लागली. ‘आधी त्यांचंच का?’ असं तोंडावर कुणी म्हणेना. म्हणायचे, “वकीलसाहेब, इचारून तरी घ्यायचं व्हतं.”

मग पुढच्या सुट्टीत मी घरी असतानाच पप्पांवर अविश्वास ठराव आला. अशा वेळी मेंबर फुटू नयेत म्हणून त्यांना मतदानापर्यंत सहलीला नेऊन ठेवतात. काकांनी गाडी सांगितली होती. पप्पांनी ती परत पाठवली. “माणसं आहेत ती, शेरडं नाहीत.”

“दादा, तू न्हाई नेलं तर ते नेत्याल,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या दारात विरोधकांची जीप. कानटोपी घालून आप्पा कुंपणाशी आले. “वकिलीणबाई, आमच्या म्हशीला तेवढं पाणी दावा. चार दिस देवाला जाऊन येतो.”

मम्मी आत निघून गेली. पप्पा म्हणाले, “म्हशीचा काय दोष?” बादली रोज मी नेली.

आप्पा जीपमधून थेट मतदानाला उतरले आणि पप्पांच्या विरोधात हात वर केला. पप्पांची खुर्ची गेली. संध्याकाळी आप्पा घरी आले, हातात महाबळेश्वरच्या जामची बाटली.

“पोरीनं म्हशीला पाणी पाजलं, तिला आणलाय. राजकारणाचं मनावर घिऊ नगा, वकीलसाहेब.”

“बसा आप्पा. थंडी बाधली नाही ना?” पप्पांनी विचारलं आणि मला चहा टाकायला सांगितला. आप्पांनी तो बशीत ओतून आवाज करत प्यायला. मला त्यांची किळस आली. समोर बसून हसणाऱ्या पप्पांचीही आली, आणि ती जास्त दिवस टिकली. सकाळी त्यांनी तोच जाम पोळीला लावून खाल्ला. “चांगला आहे,” म्हणाले.

बौद्धवस्तीत नळ गेला नाही. नव्या सरपंचांनी पाईप उचलले. त्यातले काही आप्पांच्या गोठ्यापर्यंत आले. त्यांच्या म्हशीला आता बादली लागत नाही.