आमची गँग आणि टेन पॉइंट नाइनचे बोल्ट

साइट संपते, शेड हँडओव्हर होते, मशिनं येऊन बसतात आणि आम्ही पुढच्या साइटला निघतो. किस्से मात्र आमच्याबरोबरच टेम्पोत चढतात! अकरा वर्षं मी नाशिकच्या एका स्टील स्ट्रक्चरवाल्या कंपनीत क्वालिटीला आहे. काम म्हणाल तर एवढंच, की बरोबर ताकदीचा बोल्ट बरोबर भोकात गेलाय आणि नीट आवळलाय हे बघायचं आणि सही ठोकायची.

आई विचारते, "दिवसभर बोल्टच बघतेस?"

हो, दिवसभर बोल्टच. पण बोल्ट बघता बघता जे ऐकू येतं ना, ते आईला सांगायची सोय नाही. ती म्हणेल नोकरी सोड. म्हणून तुम्हाला सांगते.

* * *

आमच्या गँगचे फोरमन भोये दादा. सुरगाण्याकडचे. पन्नाशी ओलांडलीय, अंगानं काटकुळे, पण कॉलमवर असे चढतात की खाली उभं राहणाऱ्यालाच धाप लागावी. त्यांच्या खिशात कायम एक छोटी हातोडी असते. बोल्ट आवळून झाले की प्रत्येक नटावर हलकी टिचकी मारतात आणि कान देतात.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. सिन्नरला एका शेडचा जॉइंट मी टॉर्क रेंचनं तपासला. हा पाना ठरलेल्या जोरापर्यंत गेला की 'क्लिक' करतो. चोवीसच्या चोवीस बोल्टना क्लिक आला. मी टिकमार्क केले. दादा मागून हातोडी वाजवत आले आणि नवव्या बोल्टपाशी थांबले.

"ह्यो नाय."

"दादा, क्लिक आलाय ना!"

"क्लिक तुमच्या पान्यात आला, मॅडम. बोल्टात नाय."

मला राग आला. म्हटलं, खोला! खोलला तर नटाच्या आत आट्यांमध्ये गंज. नट गंजातच अडकला होता, म्हणून पान्याला वाटलं आवळला. बोल्ट आत सैलच.

मी विचारलं, "तुम्हाला आवाजावरून कळलं?"

दादा म्हणाले, "आवाज आला नाय, म्हणून कळलं."

मी त्या दिवशी घरी येईपर्यंत कशालाही टिचकी मारली नाही.

* * *

निकम आमचे स्टोअरकीपर. सटाण्याचे. बोलता बोलता अहिराणीत शिरतात, रागावले की पूर्णच. त्यांचा एक कडक नियम आहे: एकदा पूर्ण आवळून खोललेला टेन पॉइंट नाइनचा, म्हणजे जास्त ताकदीच्या जातीचा, बोल्ट परत वापरायचा नाही. तो ताणला गेलेला असतो. डोळ्यांना नवा दिसतो, पण त्याच्यात दम उरलेला नसतो. असा बोल्ट ते हातात घेऊन बघतात, "हाऊ मरेल शे", म्हणजे हा मेलेला आहे, म्हणतात, डोक्यावर पंचनं एक बारीक ठिपका मारतात आणि भंगाराच्या ड्रममध्ये टाकतात.

अंबडच्या एका साइटवर शेजारच्या ठेकेदारानं आमच्या ड्रममधले मूठभर बोल्ट गुपचूप उचलले आणि स्वतःच्या शेडला लावले. आम्हाला पत्ताच नाही. चार दिवसांनी निकम आणि मी तिथून जेवायला चाललो होतो. निकम चालता चालता थबकले. वर पंधरा फुटांवर बघायला लागले.

"आठे मना बोल्ट शेतस."

म्हणजे इथे माझे बोल्ट आहेत! मी म्हटलं, "निकम, एवढ्या उंचीवरचा ठिपका दिसतो तुम्हाला?" त्यांना लांबचं बघायचा चष्मा, तोही स्टोअरमध्ये राहिलेला!

आम्ही ठेकेदाराला गाठलं. तो हसला. "काढून दाखवा मग." भोये दादांना बोलावलं; ते चढले, पाना लावला. वळवायच्या आधीच डोकं तुटून त्यांच्या हातात आलं. डोक्यावर ठिपका होता.

त्या शेडखाली सहा माणसं वेल्डिंग करत होती. ठेकेदाराचं हसू गेलं, त्यानं माणसं आधी बाहेर काढली. मी निकमांना परत विचारलं, "कसं दिसलं?"

"दिसनं नही," निकम म्हणाले आणि जेवायला निघून गेले. 

* * *

आता भुताच्या शेडची गोष्ट. ही बऱ्याच जणांनी अर्धीच ऐकलीय.

एका गिऱ्हाइकाला बोल्ट चमकणारे हवे होते. आमचे डिझायनर देशपांडे सर, गंगापूर रोडला त्यांचं ऑफिस आहे, त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की एवढ्या ताकदीच्या बोल्टना तसलं प्लेटिंग करू नका. गिऱ्हाइकानं ऐकलं नाही, स्वतःच कुठूनतरी आणले. आम्ही लेखी हरकत दिली. त्यानं दुसऱ्या गँगकडून लावून घेतले.

पाचव्या दिवशी वॉचमनचा फोन. "मॅडम, शेडमध्ये कोणी नाही आणि आवाज येतोय. टण्ण! करून. मग काहीतरी पडतं."

दुसऱ्या दिवशी परत, भर दुपारी. तिसऱ्या दिवशी दोनदा. कामगारांनी आत पाऊल टाकायला नकार दिला. दाराला लिंबू-मिरची आली. सोमवारी मशिनं सुरू करायची होती, म्हणून मालकानं, म्हणजे त्याच गिऱ्हाइकानं, पंचवटीतून गुरुजी बोलावले आणि सगळं शांतपणे पार पडावं म्हणून आम्हालाही. खरं तर मी देशपांडे सरांना घेऊन भांडायला गेले होते.

गुरुजींनी मांडणी केली, संकल्प सोडला. आम्ही दाराबाहेर. मालक हात जोडून बसलेला. आणि वरून 'टण्ण!' एक बोल्टचं डोकं सरळ खाली आलं आणि गुरुजींसमोरच्या ताम्हनात पडलं!

 गुरुजींनी ते डोकं उचललं, उलटसुलट बघितलं आणि शांतपणे म्हणाले,

"यजमान, भुताला बोल्ट लागत नाहीत. आपण आधी बाहेर जाऊ. पूजा नंतर."

सरांनी मालकाला अंगणातच समजावलं. प्लेटिंगच्या वेळी ॲसिडमध्ये बुडवलं की हायड्रोजन पोलादाच्या आत शिरतो. बोल्ट आवळला, ताणला गेला, की तो आतून ठिसूळ होत जातो. लगेच नाही. काही दिवसांनी, कोणी हात न लावता, आपोआप तुटतो. मालकानं तिथेच होकार दिला. शेडला आधार देऊन सगळे बोल्ट आम्ही बदलले आणि काढलेले दोन बादल्या भरून निकमांच्या स्टोअरला ठेवले.

किस्सा इथे संपायला हवा होता.

आठवड्यानं निकम, भोये दादा आणि मी स्टोअरमध्ये चहा पीत होतो. बादलीतून 'टण्ण!' झालं. निकमांनी कप खाली ठेवला. मी सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "शक्य नाही गं. बादलीतल्या बोल्टवर ताणच नाही. कशानं तुटेल?"

"सर, आम्ही तिघांनी ऐकलं."

 मग सर म्हणाले, "असं कर, बादल्या बाहेर ठेव."

* * *

देशपांडे सरांचाच अजून एक.

माझ्या मावसबहिणीचं लग्न गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये होतं. हॉलचं छत सरांनीच पूर्वी डिझाइन केलेलं. सर आलेले, पण नाश्त्याची बशी घेऊन छताकडे बघत एकेक पाऊल सरकत होते. शेवटी एका खांबाजवळ खुर्ची ओढून बसले. मी विचारलं, "सर, इथे पंखासुद्धा नाही. इथे का?"

"ही फ्रेम नंबर चार. हिचे बोल्ट मी स्वतः वर चढून बघितलेत. बाकीच्यांचे कागदावर बघितलेत."

मी फक्त जाऊन आईला तिथे आणून बसवलं. मग मावशीला. मग काकांना. मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत आमचं अर्धं घराणं चार नंबरखाली!

सरांना मात्र ते खात राहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी हॉलवाल्याला सांगून भोये दादांकडून अख्खं छत तपासून घेतलं. संध्याकाळी मी विचारलं, "काय निघालं?"

"सगळं उत्तम. सगळे जॉइंट घट्ट. एक फ्रेम सोडून."

"कुठली?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. पुसतच राहिले.

"चार," ते म्हणाले.

* * *

आणि हा शेवटचा. हा मी लोकांना सांगते तेव्हा भोये दादा उठून जातात.

सुरगाण्याच्या घाटात एका रिसॉर्टसाठी दरीवर स्टीलची गॅलरी उभी करत होतो. माणसं तिच्यावर उभी राहून दरी बघणार, म्हणजे खाली आधार नाहीच. सगळा भार एका जॉइंटवर. सोळा बोल्ट.

असा बोल्ट आवळायला दोन माणसं लागतात. एक जण अलीकडून नट फिरवतो, दुसरा प्लेटीच्या पलीकडून बोल्टचं डोकं पान्यानं धरून ठेवतो. धरलं नाही तर अख्खा बोल्ट गरगर फिरतो, आवळला जातच नाही. अलीकडे मचाण होतं, तिथून दादा. पलीकडे नुसती दरी. तिकडे दोराचा झुला सोडून त्यात गोविंद बसणार. गोविंद दादांच्याच गावचा, बारा वर्षं त्यांचा जोडीदार.

श्रावणातली सकाळ. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. दादा म्हणाले, "मी होतो पुढं," आणि मचाणावर चढून धुक्यात गेले.

मी झुला तपासला. दोराचे दोन पीळ तुटलेले! मी गोविंदला सांगितलं, या झुल्यात जायचं नाही. सुरगाण्याला जीप पाठवली नवा दोर आणायला. मोबाइलला रेंज नाही. वर हाका मारल्या, पण वाऱ्यात काही पोचेना. गोविंद म्हणाला, "बसतील दादा वाट बघत. बिडी हाय त्यांच्याकडं." मग आम्ही दोघं खाली, झुल्याजवळ, चहा घेत बसलो. तो माझ्या नजरेसमोरून एक मिनिटही हलला नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

दीड तासानं दादा खाली आले. मी म्हटलं, "दादा, सॉरी. तुम्हाला फुकट थांबावं लागलं."

"थांबायचं कशाला? सोळाच्या सोळा झाले."

मला वाटलं गंमत करतायत. तेवढ्यात त्यांना गोविंद दिसला. हातात चहाचा ग्लास, मांडीवर त्याचे हातमोजे, शेजारी जमिनीवर झुला.

दादांनी खिशातून एक बोल्ट काढून माझ्या हातात दिला.

"हे काय?"

"पलीकडून म्हणाला, 'ह्यो नको, बदला.' प्लेटीच्या कडेवरून हात आला. ह्यो दिला न् दुसरा घेतला."

"हात बघितला तुम्ही?"

"मोजा बघितला. धुकं लय होतं."

मी बोल्ट पुसला. डोक्याच्या खाली, जिथे दांडा सुरू होतो, तिथे केसाएवढी चीर. ती आवळताना कोणालाच दिसली नसती. माणसं वर उभी राहिल्यावर दिसली असती.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. धुकं उठल्यावर, नवा दोर आल्यावर, मी स्वतः झुल्यात बसून सोळाही बोल्ट तपासले. इतका नीट आवळलेला जॉइंट मी अकरा वर्षांत बघितलेला नाही. रिपोर्टवर आवळणाऱ्या दोघांच्या सह्या लागतात. एक दादांची आहे.

पण तेव्हा अजून धुकं होतं आणि आम्ही तिघं झुल्यापाशी उभे होतो. गोविंदनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"दादा, मी हितंच होतो," तो म्हणाला. "मॅडमना विचारा. मी वर आलोच नाय."

दादांनी त्याच्याकडे बघितलं, मग वर धुक्याकडे.

"मग मी उतरताना 'चल' म्हणालो," ते हळू आवाजात म्हणाले, "तवा 'तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं' कोण म्हणालं?"