मोजणीत असलेलं पुस्तक

मित्रांनो, दुपारपासून हातात एक हलकेपणा राहिलाय, तो जात नाही. म्हणून लिहितो.

माझी आजी मुरबाडकडची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. चाळीसच्या दशकात एका शिक्षकाने तिचे धवले उतरवून पुस्तक छापलं. पुढच्या आठवड्यात पुतणीचं लग्न आहे आणि आईला शेवटचा धवला अर्धाच आठवतो. मी सातवी शिकलेला, पण पुस्तक कुठे असेल ते मला कोणी सांगायला लागत नाही. थेट शहापूरकडच्या एका कॉलेजची लायब्ररी गाठली.

पुस्तक होतं. कणा शाबूत, नाव स्पष्ट. ओढलं तर वजनच नाही. उघडलं तर आत नुसती माती. वाळवीने बाहेरचं कवच तेवढं सोडलं होतं. शेजारचंही तसंच. अख्खी रांग तशीच उभी.

"नवी आवृत्ती निघाली होती ना?" मी ग्रंथपालांना विचारलं.

"निघालेली, आण्णा. पण एक प्रत असली की दुसरी घेता येत नाय. नियम हाय. आता ती आवृत्तीपण बाजारातून संपली."

"ही प्रत म्हणायची?"

"रद्द करायला मंजुरी लागते, ती येत नाय. दरसाल कणे मोजतात, बरोबर भरतात. जपून ठेवा हां, उद्या मोजणी हाय."

मी जपून ठेवलं. रांगेत कुठेतरी बारीक कुरकुर चालू होती.

घरी आईने विचारलं, "गावला का रं पुस्तक?"

"आहे," एवढंच म्हणालो.

कोणाकडे धवल्यांची ती नवी आवृत्ती असेल तर कळवा. फक्त आधी उघडून बघा.