बंद डब्यातली साखर

रोज सकाळी मावशी साखरेचा डबा कानाशी धरून हलवायची आणि म्हणायची, "आठवडाभर पुरेल." झाकण उघडून बघणं तिला फसवणूक वाटायचं. पोटापाण्यासाठीही ती हेच करायची. निनावी पाहणीतली उत्तरं न उघडता ती नियमात बसतात की नाही, हे तपासणारं गणित लिहायची.

आई ज्या रुग्णालयात नर्स होती, तिथली पाहणी मावशीकडेच आली. रात्रपाळीचे वरिष्ठ कसे वागतात, त्याला एक ते पाच गुण द्यायचे. प्रत्येकीचं उत्तर तिच्याच फोनमध्ये कुलूपबंद व्हायचं. सोबत एक गणिती पुरावा जायचा : आकडा एक ते पाचमधलाच आहे, आणि हिने एकदाच उत्तर दिलंय. कोणी, किती, ते गुलदस्त्यात. उघडायची ती फक्त बेरीज.

बेरीज इतकी कमी आली, की रुग्णालयाचे मोठे साहेब खवळले. "कुणीतरी एकटीनंच वीसदा भरलंय. सगळी उत्तरं उघडा!"

त्या रात्री आईनं ताट बाजूला सारलं. "ताई, उघडलं तर माझी बदली ठरलेली."

"तू काय लिहिलंस ते सांगू नकोस हं मला," मावशी म्हणाली आणि स्वयंपाकघरात झाकणं हुंगत बसली.

दुसऱ्या दिवशी ती दोन हुबेहूब स्टीलची झाकणं घेऊन साहेबांपुढे उभी. साहेबांचं नाक सर्दीनं चोंदलेलं.

"यांत फरक आहे?"

"छे! सारखीच आहेत."

"पाठीमागे नेऊन हवी तर अदलाबदल करा. मी ओळखते."

मावशीनं डोळे मिटले. साहेबांनी एक झाकण तिच्या नाकाखाली धरलं. "बदललंत." पुन्हा. "नाही बदललंत." साहेब हट्टाला पेटले, पडद्याआड गेले, टेबलाखाली वाकले. दारात नर्सांची गर्दी, सगळ्या तोंडावर हात दाबून. मावशी एकदाही चुकेना.

"फरक आहे बुवा," साहेब घाम पुसत म्हणाले. "पण कसला?"

"तो न सांगताच पटला ना? उत्तरांचंही तसंच. न उघडता पटवते."

तेवढ्यात साहेबांना दणदणीत शिंक आली. नाक मोकळं झालं. झाकण हुंगून ते ओरडले, "कांदा!"

दारातल्या गर्दीत आईचा चेहरा पांढराफटक.

"झाकणाचं गुपित फुटलं," मावशी म्हणाली. "माझं कुलूप शिंकेनं उघडत नाही." तिनं संगणकावर बटण दाबलं. पुरावे भराभर तपासले गेले : एकूण एक उत्तर नियमात, दोनदा कुणीच नाही. साहेब हसता हसता खुर्चीत बसले. महिन्याभरात रात्रपाळीचे वरिष्ठ बदलले. आईचा वॉर्ड तोच राहिला.

पुढं मावशी आजारी पडली. फोनवरच्या शेवटच्या बोलण्यात मी विचारलं, "आईनं किती गुण दिले होते गं?"

"मला काय ठाऊक? दूध उतू जातंय तुझं, आवाज येतोय. गॅस बंद कर आधी."