सहाशे ग्रॅम कमी

गादी कारखान्यात त्याला सगळे 'उपविजेते' म्हणत. टोमणाच तो, पण खोटा नव्हता. गावात बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात मुळात माणसंच दोन. एक हा, दुसरा गोदीतला हमाल, पहाड. त्यामुळे पहिलीच लढत अंतिम. अकरा वर्षं पहाडाने त्याला धू धू धुतलं आणि अकरा वर्षं ह्याने रौप्यपदक घरी आणलं. "शेवटून पहिला आलो," असं तो आपणहून सांगून टाकायचा, म्हणजे लोकांना बोलायला काही उरत नसे. पण एकदा तरी पहाडाला हरवावं म्हणून आतून जीव तुटायचा.

बाराव्या वर्षी पहाड तापातून उठून वजनाला आला. गटाला एक्याण्णव किलो लागतात, काटा नव्वद-चारशेवरच अडला. वेळ संपायला अर्धा तास होता. पहाडाने तांब्याभर पाणी ढोसलं, ते सगळं उलटीत बाहेर पडलं. मग गपगुमान सदरा चढवू लागला.

"अभिनंदन," पंच उपविजेत्यांना म्हणाले. "न लढता सुवर्ण."

शहाण्याने घरची वाट धरली असती. हा पेला घेऊन पहाडाशेजारी जाऊन बसला.

"सदरा काढ. घटाघटा पिऊ नकोस, मी सांगेन तसा एकेक घोट घे."

"वेड लागलंय का तुला?"

"अकरा वर्षं तुझा मार खाल्लाय. डोकं ठिकाणावर राहील कसं?"

पंचवीस मिनिटांनी काटा एक्याण्णव-शंभर झाला.

संध्याकाळी लढतीत पहाडाचे हात प्रथमच खाली आले. पोट उघडं पडलं. ह्याने ठोसा उगारला आणि त्याला आठवलं, आतलं पाणी आपणच पाजलंय. हात डोक्याकडे वळला, तिथे पहाड तयारच होता. उपविजेते एका गुणाने हरले.

"पोटात का नाही मारलंस?" पहाडाने पट्ट्या सोडता सोडता विचारलं.

"दिसलं नाही."

"गाढवा," पहाड म्हणाला आणि त्याच्याही हाताच्या पट्ट्या सोडू लागला.

पुढच्या वर्षी ताप उलटला, तो पहाडाला घेऊनच गेला. ह्याला एकट्यालाच रिंगणात उभं करून पंचांनी त्याचा हात वर केला, गळ्यात सुवर्णपदक घातलं. घरी येताना त्याला हुंदके आवरेनात.

"जिंकल्यावर रडतं का कुणी?" बायको म्हणाली.

"मला कुठे सवय आहे गं जिंकायची," तो म्हणाला.