चाळीस नंबरचं तेल

भाऊसोला आमच्या गावात आडनावानं कुणी ओळखत नसे. भाऊसो गुळव्या, बस्स. दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली की चार-पाच महिने तो रस कढवायच्या काहिलीपासून हलायचा नाही. उकळणाऱ्या रसाचा नुसता आवाज ऐकून पाक कुठवर आलाय ते सांगायचा. पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा, बोटांनी गोळी वळून बघायचा आणि ओरडायचा, "उतरा!" त्या क्षणी काहील उतरली नाही तर तो मालकालाही शिव्या घालायचा, आणि मालक मुकाट ऐकून घ्यायचा. त्याच्या हातचा गूळ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात डोळे मिटून उचलत.

पण मला आठवतो तो पुरातला भाऊसो. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला. आषाढ-श्रावणात नदी फुगली की तिन्ही बाजूंनी पाणी, मळ्यातल्या वस्त्या तुटलेल्या. तेव्हा गुऱ्हाळातली ती लोखंडी काहील गडगडत पाण्यात उतरवायची आणि तिचीच नाव करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. परातीसारखी गोल, तिला ना पुढा ना मागा. नवख्यानं बांबू रेटला तर जागच्या जागी गरगर फिरते. भाऊसो मात्र तिला शेळीसारखी कानाला धरून न्यायचा. कोण किती वजनाचा ते नजरेनं जोखून जागा ठरवायचा. चौऱ्याण्णवच्या पुरात त्यानं सरपंचांना गाभण शेळीशेजारी बसवलं होतं. सरपंच कुरकुरले, तर म्हणाला, "सरपंच, तुमचं आन तिचं वजन सारखं हाय. हलला तर दोघंबी जाशीला." काहिलीत कुणाला उभं राहू द्यायचा नाही. "उभ्यानं मरायचं आसंल तर काठावर मरा," म्हणायचा. इतक्या वर्षांत त्याच्या काहिलीतून माणूस सोडा, कोंबडीसुद्धा पाण्यात पडली नाही.

मी गणपत, त्याच गावचा इंजिनमिस्त्री. घर भाऊसोच्या दारासमोर, मधे एक गल्ली. नदीकाठची, विहिरीवरची पाण्याची डिझेल इंजिनं तीस वर्षं माझ्याच हातांखालून गेली. लोक मला 'मिस्त्री' म्हणत आणि मला ते फार आवडे. आवडायचं तितकं डोक्यातही गेलं होतं.

दोन हजार पाचचा महापूर आला तेव्हा काहिली कमी पडल्या. रस्त्यावरून नदीची धारच वाहत होती, तिथं बांबू टेकत नव्हता. पूर ओसरल्यावर मुंबईच्या कुठल्याशा मंडळानं गावाला एक फायबरची बोट दिली, मागं लावायची मोटर दिली. मोटर आली त्या दिवशी गावानं तिला हार घातला. चालवायचं काम अर्थातच भाऊसोकडं, आणि इंजिनाची देखभाल माझ्याकडं.

मंडळाचा माणूस दोन दिवस राहून सगळं शिकवून गेला. म्हणाला, ही फोर-स्ट्रोक मोटर आहे, जुन्या मोटरींसारखं पेट्रोलमध्ये तेल मिसळू नका. हिचं तेल वेगळं, इंजिनाच्या पोटात भरायचं. वीसेक तास चालली की पहिलं तेल काढा, नवं घाला, आणि घालताना पुस्तकात लिहिलंय तेच घाला.

शिमग्याच्या सुमारास सरावाच्या फेऱ्यांत ते वीस तास भरले. पुस्तक इंग्रजी. शाळेतल्या गुरुजींनी चावडीवर बसून ते वाचून दाखवलं. दहा-तीस नंबरचं तेल, तेही खास पाण्यातल्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी बनवलेलं. त्यात गंजाला अटकाव करणारं औषध असतं, कारण असलं इंजिन पाण्यात चालतं आणि बाकीचा काळ नुसतं पडून राहतं. गाडीचं तेल चालणार नाही, असं जाड अक्षरांत छापलं होतं.

मी उद्यमनगरात चार दुकानं पालथी घातली. एकाकडंही ते नव्हतं. एक दुकानदार म्हणाला, समुद्रकाठाला मिळेल, मालवणकडं. पहिल्या तेलाचा थोडा तळ डब्यात उरला होता. तो मी बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला. पाण्यासारखा पातळ. माझ्या दुकानात चाळीस नंबरच्या तेलाचा डबा होता, पंपाच्या इंजिनात घालतो तो. त्यात बोट बुडवलं तर मधासारखी तार निघाली. आमच्याकडं तेल असंच पारखतात. तार धरली तर तेल, नाहीतर पाणी. माझ्या गुरूनं मला हेच शिकवलं होतं, मीही चार जणांना हेच शिकवलं होतं.

"ह्येच घालूया," मी म्हणालो.

भाऊसो तिथंच बसला होता. त्यानंही दोन्ही तेलं चोळून बघितली. म्हणाला, "मिस्त्री, काकवीची तार निराळी, गुळाची निराळी. काकवीला गुळाचा पाक घेऊन चालतंय व्हय? त्या बुकात लिवलंय त्येच आणूया की. मी उद्या येष्टीनं गगनबावड्याच्या घाटानं खाली उतरतो. दोन दिसांत तेल घिऊन येतो."

त्याला फक्त 'जा' म्हणायचं होतं. दोन दिवसांचा प्रश्न होता. पण भोवती दहा-पंधरा माणसं होती, आणि गूळ रांधणारा माणूस मला इंजिनातलं शिकवत होता. मी म्हणालो, "भाऊसो, तू गूळ ढवळ. गुळव्यानं मिस्त्रीला इंजान शिकवू नये." लोक हसले. भाऊसोही हसला, खांद्यावरचा टॉवेल झटकून उठला आणि घरी गेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल त्या दिवशीच रिकामा झाला, मला कळायला उशीर लागला.

चाळीस नंबर घातलं. पाच मिनिटं मोटर चालवून बघितली, झकास चालली. मग शाळेच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली ती पाच महिने पडून राहिली.

दोन हजार सहाच्या श्रावणात पुन्हा पाणी चढलं. गाव तुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाईच्या नवऱ्याला, आण्णाला, छातीत कळ आली. तानाबाई म्हणजे भाऊसोची थोरली बहीण. गावातच दिलेली, चार गल्ल्या पलीकडं. आईच्या मागं तिनंच भाऊसोला वाढवलेलं. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे. आण्णा घामानं निथळत होता, हात चोळत होता. पाण्यापलीकडं सडकेवर जीप उभी होती, कोल्हापूरचा दवाखाना तिथून अर्ध्या तासावर. आण्णाला बोटीत निजवलं, तानाबाई उशाला बसली, मागं मोटरीवर भाऊसो आणि पुढं मी.

मोटरीची दोरी ओढताना हाताला जड लागत होती. थंडीनं तेल थिजल्यासारखं झालं होतं. सात-आठ हिसक्यांनी मोटर लागली. निम्म्या पाण्यापर्यंत नीट गेली. धारेत शिरलो आणि आतून किरकिर ऐकू आली. लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलोय, मला लगेच कळलं. भाऊसोनं मूठ सैल केली, पुन्हा पिळली, पण मोटर जाम झाली ती झालीच. धारेनं बोट फिरवली आणि खाली वाहत नेऊन उसाच्या फडात घुसवली.

भाऊसोनं पाण्यात उडी टाकली. गळ्याइतक्या पाण्यात, उसाच्या पात्यांनी तोंड कापून घेत, त्यानं बोट खांद्यानं रेटली. मीही उतरलो, पण रेटलं ते त्यानंच. दोन तास लागले. सडकेला लागलो तेव्हा आण्णा गार पडला होता. तानाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि ती त्याला अजून, "आलं बगा, आलं," म्हणत होती.

सडकेवर माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "मिस्त्री, मोटरला झालं काय?"

त्या वेळी मी काय बोललो ते मला आजही शब्दाशब्दानं पाठ आहे. मी म्हणालो, "गार इंजान. एकदम मूठ पिळली ह्येनं, बसलं."

भाऊसो चार हातांवर उभा होता. अंगातून पाणी गळत होतं, गालावरून रक्त. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा तेलाचं बोलणार. तो वळून बोटीची दोरी बांधू लागला. तानाबाईनं मात्र मान वर केली आणि भावाकडं बघितलं. ती नजर मी पाहिली, आणि तरी मूग गिळून उभा राहिलो.

महिन्यानं मोटर मालवणला नेली. तिथल्या मिस्त्रीनं उघडून दाखवली. आत गंजाचे ठिपके, बेअरिंगं खाल्लेली, तेलाचा नुसता काळा चिखल. त्यानं मला विचारलं, "पावणं, तेल कुठलं घातलं होतंत?" मी म्हणालो, मला माहीत नाही, मी फक्त मोटर घेऊन आलोय.

तेलाचा तो वाद लोक विसरले होते, मिस्त्रीचा शब्द खरा ठरला, आणि गावात भाऊसोचं नाव गेलं. काहिलीतून शेळी आणली म्हणून मोटर चालवता येते काय, असं लोक त्याच्या तोंडावर बोलू लागले. पुढच्या पावसाळ्यात बोट दुसऱ्याच्या हातात दिली. त्याचं त्यानं काही वाटून घेतलं नाही. पण तानाबाईनं त्याच्याशी बोलणं टाकलं, त्यानं मात्र तो आतून खचला.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला त्यानं तिला निरोप धाडला. नवरा गेलेल्या बाईनं ओवाळू नये म्हणणारी तोंडं गावात असतातच, म्हणून मुद्दाम सांगून पाठवलं, 'तू ओवाळल्याबिगर मी जेवायचा न्हाय.' अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून तो उंबऱ्याजवळ पाटावर बसला. मी समोरच्या दारातून बघत होतो. दुपार झाली, दिवे लागले, तानाबाई आली नाही. शेवटी त्यानं स्वतःच पाट उचलून भिंतीला लावला. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तिसऱ्या वर्षीही. मला कितीदा वाटलं, गल्ली ओलांडावी. पण माझ्या लेकीचं, पूर्णिमाचं, लग्न ठरलं होतं, दुकान चालत होतं, आणि माणसाला गप्प राहायला कारणं कमी पडत नाहीत.

दोन हजार नऊच्या भाऊबीजेला भाऊसो पाटावर बसला तो भिंतीला टेकून. गुऱ्हाळाच्या धुरानं छाती पोखरली होती, डॉक्टरनी आशा सोडली होती. खोकताना टोपी पडत होती, ती तो पुन्हा उचलून घालत होता. मला ते बघवेना. मी गल्ली ओलांडली आणि त्याच्यासमोर खालीच बसलो.

"भाऊसो, ते तेल..." एवढंच बोललो आणि मला रडू फुटलं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "ते बुक वाचलं तवा मीबी हुतो की."

"मग बोलला का न्हाईस? आक्काला तरी सांगायचं."

तो थांबून थांबून बोलला. "माझा पाक बिघडला तर एक काहील वाया जाती. तुझं नाव बिघडलं तर कोण इंजान आणंल तुझ्याकडं? पोरीचं लगीन तोंडावर हुतं तुझ्या. म्हटलं, मिस्त्री आपल्या तोंडानं सांगंल आज ना उद्या. तुझी वाट बघत हुतो मी. आता माझ्याफुडं रडू नगोस. आक्काला जाऊन सांग."

मी तसाच उठून तानाबाईकडं गेलो. ती परड्यात भांडी घासत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पुस्तक, तार, 'गुळव्यानं शिकवू नये', सडकेवरचं ते वाक्य, मालवण. तिनं हात धुतले, घरात गेली, ताटात निरांजन आणि सुपारी घेऊन बाहेर आली आणि माझ्या अंगावरून निघून गेली. मी तिच्या मागून जायचं धाडस केलं नाही. नंतर लोकांनी सांगितलं की ओवाळून झाल्यावर भाऊसो तिच्या हातचे दोन घास जेवला, आणि दोघं उशिरापर्यंत आईच्या गोष्टी बोलत बसली.

सव्वा महिन्यानं, मार्गशीर्षात, भाऊसो गेला. गुऱ्हाळं त्या दिवशी बंद होती.

दिवसकार्य झाल्यावर मी चावडीवर सगळ्या गावासमोर खरं काय ते सांगितलं. लोकांनी शिव्या दिल्या नाहीत. उलट, होतं मिस्त्री, चूक माणसाच्याच हातून होते, म्हणाले. इंजिनं अजूनही माझ्याकडंच येतात. मग मी तानाबाईकडं गेलो, तिचे पाय धरायला. तिनं पाय मागं घेतले.

"ह्यांचं म्हणशील तर," ती म्हणाली, "छातीची कळ हुती. जीपबी येळंवर पोचली असती का न्हाय, कुणाला ठावं. त्येचा दोष तुला देत न्हाय मी. तेल चुकलं, चुकू दे. पर मला भाऊ एकच हुता, गणपा. त्येच्या तीन भाऊबीजा तू खाल्ल्यास. त्या कुटनं आणून देशील?"